मखमल आकाशात नव्हती

मंडळी, मघाशी पडद्यावर आधी हान्लेचं छायाचित्र पाहिलंत आणि मग आपल्या पुण्यातल्याच एका स्नेह्यांनी नॉर्वेत ट्रॉम्सोला टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशाच्या स्लाइड्स. टाळ्या स्लाइड्सना जास्त पडल्या. मागून कुणीतरी म्हणालंही, "फिल्म खोटं बोलत नाही." माझा आक्षेप नेमका इथंच आहे.

हान्लेचं आधी उरकतो. 10 मे 2024 च्या रात्री मोठं सौरवादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल आभा टिपली. लडाख इतकं दक्षिणेला, की प्रकाशाचा फक्त वरचा, 200 किलोमीटरच्या पलीकडचा भाग तिथून दिसतो. त्या उंचीवरचा ऑक्सिजन 630 नॅनोमीटरचा लाल सोडतो. अंधारात आपल्या डोळ्याला हा लाल जवळजवळ कळतच नाही. म्हणून लगेच शंका, की डिजिटल कॅमेऱ्याने रंग चढवला असेल.

आणि फिल्म काय करते? स्नेह्यांचा कॅमेरा निकॉन एफएम2. शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो फक्त मीटरला. थंडीत सेलने मान टाकली तरी काम अडत नाही. (विजेवरच्या शटरचा जुना कॅमेरा असता तर तिथं नुसता दगड झाला असता!) पण शटर 25 सेकंद उघडं ठेवलं, की बहुतेक फिल्मची संवेदनशीलता घटते, आणि तिन्ही रंगथरांची सारखी घटत नाही. म्हणजे रंग सरकतो. शिवाय तेवढ्या वेळात आकाशातला पडदा हलत असतो, त्याच्या चुण्या पुसल्या जातात. आपण ज्या मखमली हिरव्याला वाहवा दिली ना, ती मखमल आकाशात नव्हती. ती त्या 25 सेकंदांची होती.

मला आवडली ती त्यांनी बाजूला काढलेली स्लाइड. कडेला झाडाच्या फांदीसारखी फिकट रेघ आहे. कोरड्या थंडीत फिल्म झटक्यात पुढे ओढली की घर्षणाने ठिणगी पडते, तिचा हा ठसा. मुद्दाम मागून घेतली मी.

सप्टेंबर 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चित्र कुणीच काढलं नाही. चुंबकाची वाचनं डोळ्यांनी घेतली, वेळेसकट लिहून ठेवली. सुमारे 1600 नॅनोटेस्लांची ती घट अभ्यासक आजही वापरतात. स्नेह्यांच्या एकाही चौकटीवर मात्र ना फिल्मचं नाव आहे, ना सेकंद. तेवढं आज घरी जाऊन, आठवतंय तोवर, पेन्सिलीने लिहून टाका साहेब.