वाणाचे धनी

स्थपति घराचा आराखडा करतो, तसाच पिकाचा नवा वाण घडविणारा शास्त्रज्ञही करीत असतो. ज्वारीचें धाट किती उंच असावें, कणीस किती भरावें, पीक किती दिवसांत हातीं यावें, हें तो आधीं मनाशीं ठरवितो. परंतु त्या धाटाचे धनी अनेक. दाणा विकणाऱ्यास उतारा हवा, बैलास कडबा हवा, आणि चुलीपुढें बसणाऱ्या गृहिणीस थापतांना न तुटणारी भाकरी हवी. यांपैकीं कोणाचें मागणें आधीं ऐकावें?

देशांतील ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ सालीं प्रसृत झाला. उतारा वाढला; १९७२ च्या दुष्काळानें गांजलेल्या महाराष्ट्रास त्याची निकड किती होती, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. पण त्या संकरित पिकाचें धाट ठेंगणें. लवकर पिकणारें कणीस पावसांत सांपडून दाणे काळे पडत. आणि भाकरीला मालदांडीची गोडी नसे. क्विंटलांच्या हिशेबांत बैल आणि गृहिणी यांना रकानाच नव्हता. पुढें परभणीकडील पुष्कळ शेतकरी बाजारभाव पाहून खरीप ज्वारीकडून सोयाबीनकडे वळले. दावणीच्या जनावरास मात्र कोठें वळतां आलें नाहीं.

निवडीची कसोटी येथेंच आहे. सर्वांस सारखी तुष्ट करणारी रचना संभवत नाहीं. म्हणून न पटल्यास जो तिला सोडून जाऊं शकतो, त्याच्यापेक्षां जो तिला बांधला गेला आहे त्याचा विचार आधीं व्हावा.

१९७२ सालीं स्थापन झालेल्या परभणीच्या कृषि विद्यापीठानें, हैदराबादजवळील इक्रिसॅट या संशोधनसंस्थेच्या सहकार्यानें, २०१८ सालीं लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ति’ हा वाण दिला. ज्यानें कधीं कांहीं मागितलें नव्हतें, त्या रक्तक्षीण खाणाऱ्याची येथें आठवण झाली, ही गोष्ट खरोखर स्तुत्य होय. तथापि दाण्यांतील लोह डोळ्यांस दिसत नाहीं, आणि मोंढ्यांत भाव ठरतो तो दाण्याचें रूप पाहून. मग पेरणाऱ्यानें तो कोणत्या आशेनें पेरावा? एका धन्याचें हित साधतांना त्याचा भार दुसऱ्यावर पडणार असेल, तर तो कोणीं सोसावयाचा, हेंही आराखड्यांतच लिहिलेलें असावें. तेवढी ओळ ज्यांत नाहीं, तो आराखडा कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी अपुराच म्हटला पाहिजे.