चाळणी, द्वारपाल आणि वाहक : पेशीपटलातील परिवहन प्रथिनांच्या परिभाषेची चिकित्सा

मराठीतून जीवशास्त्राचे अध्यापन करताना पेशीपटलाच्या वर्णनासाठी तीन प्रतिमा सर्रास वापरल्या जातात. पटल ही चाळणी, त्यातील प्रथिने ही द्वारपाल आणि काही प्रथिने वाहक. प्रतिमा ही अध्यापनाची सोय आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ती व्याख्येच्या जागी जाऊन बसली की विद्यार्थी तिच्यावरूनच अनुमाने काढू लागतो. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रतिमा परिवहन प्रथिनांच्या आज ज्ञात असलेल्या रचनेवर तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी, प्रवाही थर असून त्यात प्रथिने रुतलेली असतात. या थराचा अंतर्भाग तेलासारखा असल्याने सोडियम, पोटॅशियम यांसारखे विद्युतभारित आयन त्यातून जवळजवळ जाऊच शकत नाहीत. त्यांचा मार्ग प्रथिनांतूनच असतो. येथवर चाळणीची प्रतिमा कशीबशी निभावते.

अडचण पुढे येते. चाळणीतून लहान कण जातो, मोठा अडकतो. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे ०.९५ अँगस्ट्रॉम, तर पोटॅशियमची १.३३. असे असूनही पोटॅशियम मार्गिका मोठ्या पोटॅशियमला सोडते आणि लहान सोडियमला अडविते. तीही सुमारे १०,००० पट निवडीने आणि सेकंदाला जवळजवळ १० कोटी आयन सोडण्याच्या वेगाने! चाळणीच्या तर्काने हे कोडे कधीच सुटणार नाही. त्याचे उत्तर रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये एका जिवाणूतील पोटॅशियम मार्गिकेची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा मिळाले. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती जलरेणूंचे वेष्टण असते व ते उतरविण्यास ऊर्जा लागते. मार्गिकेच्या अरुंद भागात प्रथिनाच्या कण्यातील ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले असतात, की पोटॅशियमला सोडलेल्या पाण्याची पुरेपूर भरपाई तेथे मिळते. सोडियम त्या मानाने लहान असल्याने या अणूंशी त्याचा तसा मेळ बसत नाही. त्याला पाणी सोडणे परवडत नाही. म्हणजे निवड छिद्राच्या आकाराने होत नसून ऊर्जेच्या हिशोबाने होते.

द्वारपालाच्या प्रतिमेत दोष वेगळा आहे. द्वारपाल ओळख पटवितो आणि दारही उघडतो. वरील मार्गिकेत मात्र ही कामे दोन ठिकाणी होतात. निवड करणारा अरुंद भाग पटलाच्या बाहेरच्या बाजूस, तर उघडझाप करणारा भाग आतल्या बाजूस असतो. दोन्ही कामे एकाच द्वारपालाकडे सोपविली, की उत्तरपत्रिकेत निवडक्षमता आणि उघडझाप हे समानार्थी शब्द होऊन बसतात.

तथापि सर्वाधिक हानी ‘वाहक’ या शब्दाने केली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाहक म्हटले की नावाडी आठवतो. ग्लुकोजला या तीरावर घ्यावे, पलीकडे न्यावे, रिकामे परत यावे. असा खरा नावाडी अस्तित्वात आहे. वॅलिनोमायसिन हे प्रतिजैविक पोटॅशियमला पोटाशी घेऊन पटलातून अक्षरशः ये-जा करते. पण तो लहानसा रेणू आहे, प्रथिन नव्हे. पटलातील प्रथिन जागचे हलत नाही. ओलेग यार्देत्स्की यांनी १९६६ मध्येच सुचविले होते, की प्रथिनातील बंधनस्थान आलटून-पालटून कधी बाहेर, कधी आत उघडते. पुढे २००३ मध्ये लॅक्टोज पर्मिएजची आणि २०१४ मध्ये मानवी ‘ग्लुट-१’ची रचना समोर आली. दोन्हींतील पोकळी आतल्या बाजूस उघडी होती. दोन दारे एकाच वेळी कधीही न उघडणारी वाड्याची देवडी, ही प्रतिमा येथे अधिक जवळची ठरेल. प्रत्येक खेपेस आकार पालटावा लागत असल्यानेच ही प्रथिने सेकंदाला शेकडो ते काही हजार रेणूंच्याच मर्यादेत राहतात.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. नावाड्याच्या प्रतिमेत एक प्रश्न अनुत्तरित राहतो : नाव वल्हवितो कोण? आतड्यातील ‘एसजीएलटी-१’ या प्रथिनात दोन सोडियम आयन व एक ग्लुकोज रेणू बसला, की त्याचा आकार पालटतो. सोडियम पेशीत उताराने शिरतो, ग्लुकोज त्यासोबत चढ चढते. हा उतार टिकवून धरतो तो पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप. येन्स स्कू यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत आढळलेले हे प्रथिन एका एटीपी रेणूच्या मोबदल्यात तीन सोडियम बाहेर टाकते व दोन पोटॅशियम आत घेते. (‘पंप’ हा उसना शब्द मात्र आपल्या तिन्ही देशी प्रतिमांपेक्षा प्रामाणिक निघाला!)

सोडियम व ग्लुकोज यांची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीत आतड्यातून पाणी व क्षार वाहून जात असतानाही हे प्रथिन शाबूत असते. म्हणून नुसत्या मिठाच्या पाण्याने जे साधत नाही, ते साखर घालताच साधते. सोडियम आत येतो आणि त्यामागे परासरणाने पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच द्रावण पाजले, तेव्हा तेथील मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सुधारित सूत्रात सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण लिटरला प्रत्येकी ७५ मिलिमोल आहे. ‘जलसंजीवनीत साखर कशासाठी?’ या प्रश्नाला पदवीच्या वर्गातही ‘शक्ती येण्यासाठी’ हे उत्तर मिळते. वाहकाची व्याख्या तोंडपाठ असणारे विद्यार्थीच ते देतात.