बोट लागण्यापूर्वी

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. एके काळी होता असे म्हणायला मात्र हरकत नाही. कारण निजामशाहीची राजधानी आमच्याकडे होती तेव्हा चौलचे बंदर तिच्या सत्तेखाली होते, आणि तिथल्या पोर्तुगीज ठाण्याला मुर्तझा निजामशहाने १५७०-७१ साली वेढाही घातला होता. ठाणे काही पडले नाही. पुढे राज्य गेले, बंदर गेले, आणि आमच्या वाट्याला भंडारदऱ्याचा जलाशय आणि मुळा धरण एवढेच पाणी उरले. गावाचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी समुद्र काही जवळ आला नाही.

असे असूनही दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्राच्या घडीतून आमच्या दारात समुद्र येऊन पडतो. सहल कंपन्यांची ती गुळगुळीत, रंगीत पत्रके! मी ती टाकून देत नाही, जपून ठेवतो आणि सावकाश वाचतो. टीकाकाराने कादंबऱ्याच वाचाव्यात असा काही दंडक नाही. ज्या मजकुरावर विश्वास ठेवून एखादे कुटुंब वर्षभराची शिल्लक खर्च करते, तो मजकूर एखाद्या सामान्य कवितासंग्रहापेक्षा टीकेला अधिक पात्र आहे. कविता फसली तर वाचकाची संध्याकाळ जाते; पत्रक फसले तर आईबापांना एकदा तरी बोटीत बसवीन म्हणून मुलाने बाजूला टाकलेले पैसे जातात.

या वाङ्मयप्रकाराची काही लक्षणे चटकन ध्यानात येतात. त्यात विशेषणे फार आणि क्रियापदे थोडी. माणसे आहेत, पण ती नेहमी दोघेच असतात. आजी नाही, गुडघे दुखणारे आजोबा नाहीत, रडणारे पोर नाही. समुद्र आहे, पण तो नाटकाच्या पडद्यासारखा मागे टांगलेला. त्याला लाट नाही, वास नाही, आवाज नाही. बोट लागणे हा आपल्या भाषेतला किती बोलका प्रयोग! बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. पत्रकातली बोट फक्त धक्क्याला लागते. आणि किमतीच्या आकड्यामागे 'पासून' हा जो चिमुकला शब्द असतो, त्यात सगळ्या लेखनाचे रहस्य दडलेले असते.

हा प्रकार आजचा नाही. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने इंग्रज कादंबरीकार थॅकरे याला आपल्या बोटींतून भूमध्य समुद्राची सफर फुकट घडवली. त्याने १८४६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. थॅकरे मोठा म्हणून पुस्तक वाचनीय झाले. पण सागरी सहलीच्या वाङ्मयाचा जन्मच असा फुकट तिकिटावर झाला आहे हे विसरू नये. दीडशे वर्षांनंतर डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाने १९९६ साली अशाच सहलीवर एक दीर्घ निबंध लिहिला. कंपनीच्या पत्रकात फ्रँक कॉनरॉय या नामवंत साहित्यिकाचा एक लेख होता, आणि तो पैसे देऊन लिहवून घेतलेला होता. वॉलेसची तक्रार लेख वाईट असल्याची नव्हती. जाहिरात निबंधाचे सोंग घेऊन आली, ही त्याची तक्रार होती. मला ही तक्रार रास्त वाटते. भाटाने भाट म्हणून गावे, त्याला कोणी हसत नाही; त्याने कीर्तनकाराचा अंगरखा घातला की श्रोत्याची फसवणूक होते.

आपल्याकडचे जुने समुद्रलेखन यापुढे ठेवून पाहावे. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेला निघाल्या आणि त्याच वर्षी त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी, १८२७ मध्ये, सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका बोस्टनहून शिडाच्या जहाजाने मुंबईस आली आणि पुढे आमच्या नगरात मुलींच्या शाळा चालवून १८६२ साली इथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते तिच्याच शाळेत. १९३१ साली 'राजपुताना' बोटीने गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा त्याच बोटीवर आमच्या अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा होते. १९२५ पासून त्यांचे मौन चालू होते. या सगळ्यांना कुठेतरी पोचायचे होते. बोट हे साधन होते. कोकणच्या चाकरमान्याला तर पोचण्यावाचून दुसरा हेतूच नव्हता. ट्रंक आणि वळकटी घेऊन तो डेकवर बसे, आणि सुखरूप पोचला की देवाला नारळ देई. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या पिढीला बोट हा शब्द लाडाशी जोडता आला नसता.

मग बोट आणि लाड यांची गाठ पडली कधी? हिवाळ्यात अटलांटिकच्या बोटी रिकाम्या पडतात हे पाहून हाम्बुर्गच्या आल्बर्ट बालीनने १८९१ साली 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्रात नुसती हिंडायला पाठवली. रिकामी बोट पोसण्यापेक्षा प्रवाशांना फिरवून आणलेले बरे, हा व्यापाऱ्याचा हिशेब. पण त्याने एक मोठा पालट घडवला. पोचणे संपले आणि असणे सुरू झाले. ज्या धक्क्यावरून निघायचे, तिथेच परत यायचे! गंभीर वृत्तीचे लोक यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. दिवाळी तरी कुठे जाऊन पोचते? आपण पहाटे उठतो, उटणे लावून घेतो, फराळ करतो, आणि चार दिवसांनी जिथे होतो तिथेच असतो. पण त्या चार दिवसांत कोणीतरी आपल्या पाठीला तेल चोळलेले असते. सुखाला मुक्काम लागतोच असे नाही.

म्हणून हेतूविषयी माझे भांडण नाही. भांडण आहे ते शब्दाशी. 'स्वतःचे लाड करून घ्या' असे ही पत्रके सांगतात. हे मराठी नव्हे. मराठीत लाड करून घेत नाहीत. लाड होतात, ते दुसरा करतो. आणि या सुखाला आपल्याकडे फार जुना, नेमका शब्द आहे: माहेरपण. माहेरपणात गालिचे नसतात, रोषणाई नसते. असते ते इतकेच, की 'आज काय करायचे?' हा प्रश्न चार दिवस कोणी विचारत नाही. ताट वाढलेले समोर येते. दुपारी झोप लागली तर कोणी उठवत नाही. आणि परतताना कोणी हिशेब मांडत नाही. ज्या बाईने तीसचाळीस वर्षे रोज दोन वेळचा स्वयंपाक केला आणि जिची आई आता नाही, तिला माहेर कुठले? तिच्यासाठी बोटीवरचे चार दिवस ही चैन म्हणता येणार नाही. ती राहून गेलेली गोष्ट आहे. कंपन्यांना आपल्या मालाची खरी किंमत कळलेली नाही, असे मला वाटते ते यामुळेच.

ही कसोटी हाती धरली की निवड बरीच सोपी होते. पहिली गोष्ट, रात्री मोजाव्यात आणि बंदरे वगळावीत. तीन रात्रींत तीन ठिकाणे दाखवणारी सफर म्हणजे तीन वेळा रांगेत उभे राहणे. माहेरी आलेल्या मुलीला कोणी रोज देवदर्शनाला पळवत नाही. नगरहून मुंबईचा धक्का अडीचशे किलोमीटरांवर आहे. तो रस्ताही हिशेबात धरावा आणि आदल्या दिवशीच मुंबईस मुक्काम करावा. दुसरी गोष्ट खोलीची. सर्वांत स्वस्त खोलीला बहुधा खिडकी नसते. ज्याला आयुष्यात प्रथमच समुद्र पाहायचा आहे, त्याला बिनखिडकीच्या खोलीत निजवणे हा विनोद झाला. बोट लागण्याचे भय असेल तर बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी. आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात सहलीला निघूच नये. तिसरी गोष्ट 'पासून' या शब्दाची. बंदरशुल्क, कर, बक्षिशी, पेये, किनाऱ्यावरच्या सहली यांतले किती आकड्याच्या आत आणि किती बाहेर, हे पैसे भरण्यापूर्वी कागदावर लिहून मागावे. माहेरी दर तासाला वही निघू लागली तर ते माहेर राहत नाही, खाणावळ होते.

बोट केवढी असावी, हाही प्रश्न आहे. २०२४ मध्ये निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' सात हजारांहून अधिक प्रवासी नेऊ शकते. आमच्याकडे एवढ्या वस्तीला मोठे गाव म्हणतात, आणि गावाच्या गर्दीतून सुटण्यासाठी माणसाने आणखी एका गावात जावे हे मला समजत नाही. आपल्याकडचा अनुभव लहान बोटींचा आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' निघाली. कान्होजी आंग्र्यांची आठवण देणारे नाव आणि शंभराच्या आसपास खोल्या. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. महामारीनंतर या दोन्ही सेवा टिकल्या नाहीत. २०२१ मध्ये मुंबईहून 'एम्प्रेस' निघू लागली. ती १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, परदेशांत नांदून आलेली बोट. वाचकाने यातून एवढेच घ्यावे की या धंद्यात कंपन्या येतात तशा जातात. सफर रद्द झाली तर पैसे कधी आणि कसे परत मिळणार, ही ओळ पत्रकात शोधावी. न सापडली तर बाकीचे काव्य वाचण्याची गरज नाही.

आता सर्वांत अवघड कसोटी. माहेरी लेकीला विश्रांती मिळते, कारण तिथे तिची आई राबत असते. बोटीवरची ती आई कोण? हे पत्रकात कुठेच नसते. चित्रात हसरा वाढपी असतो, पण तो कुठला, घरी कधी जाणार, हे नसते. गोव्याच्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या या बोटींना माणसे पुरवली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास त्या त्या गावांचे क्लब आहेत, तिथे बोटीची वाट पाहत ते दर्यावर्दी मुक्काम करीत. २०२० च्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामा बंदरात रोगाने अडकून पडली तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते. त्यांतले १३२ कर्मचारी आणि फक्त ६ प्रवासी. या आकड्यांत सगळे आले. २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाला चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यावी लागते. दहा तास! तेवढ्यात झोप, जेवण आणि घरी बोलणे. आपण पहाटे चहाला जातो तेव्हा तो उभा असतो, रात्री आईस्क्रीमला जातो तेव्हाही उभा असतो.

म्हणून सहलीलाच जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. त्याची नोकरी आपल्या सहलीवरच चालते. पण ज्या पत्रकात त्याच्या बक्षिशीचा आकडा स्वच्छ लिहिला आहे, ते पत्रक मी वरच्या दर्जाचे मानतो. कारण त्या एका ओळीत तरी तो माणूस म्हणून आला आहे. आणि बोटीवर आपल्या घरच्या बाईने त्या वाढप्याला त्याचे गाव विचारले, तर तिला तिथे परके वाटणार नाही असा माझा कयास आहे. उभ्याने वाढणे म्हणजे काय, हे त्या दोघांना सारखेच ठाऊक असते.

शेवटी एक सूचना. ही पत्रके घरातले पुरुष वाचतात, आकडे लावतात आणि दिवाळीच्या दिवशी निकाल जाहीर करतात. यंदा तसे करू नये. फराळाची भांडी घासून झाल्यावर पत्रक घरातल्या सर्वांत दमलेल्या माणसाच्या हाती द्यावे आणि चष्मा आणून द्यावा. ती कदाचित कुठल्याही बोटीचे नाव घेणार नाही. भंडारदऱ्याला दोन दिवस, आणि डबा बरोबर न घेता, एवढेच म्हणेल. तिथेही पाणी आहे. तेवढेच तिला हवे असेल तर बाकीची पत्रके रद्दीत द्यावीत.