यंत्र आलं, पण तास कुठून आणायचा?



गेल्या जूनपासून मी कळव्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतेय. पीएचडी सुरूच आहे, फक्त आता ती संध्याकाळी आणि रविवारी होते. आधी मी धोरणं वाचून शाळेबद्दल बोलायचे. आता शाळेत बसून धोरण वाचते. त्यामुळे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली तंत्रज्ञानाची दोन प्रकरणं, २३ आणि २४, पुन्हा काढली. आज त्यांच्यावरच लिहितेय, आणि सोबत एखादं धोरण संशोधक म्हणून कसं वाचायचं तेही बघू.

आधी एक प्रसंग सांगते. धडा होता 'पेशी व पेशीअंगके'. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ मिळतो, म्हणून मी मुलांना स्मार्ट बोर्डच्या खोलीत न्यायचं ठरवलं. तास ३५ मिनिटांचा. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि ती खोली तळमजल्यावर. साठेक मुलं रांगेत खाली उतरवली, किल्ली शोधली, बोर्ड सुरू केला, लॉगिन केलं. प्रत्यक्ष धड्याला निम्माच तास उरला. व्हिडिओ चांगला होता, मुलं गप्प बसून बघत होती. परत वर चढताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण खरा कांदा कधी बघणार?" कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग मी त्याच तासाला करणार होते. व्हिडिओसाठी तो सोडला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तंत्रज्ञान वर्गात आलं, तर ते कशाच्या जागी आलं?

आता धोरणाकडे वळू. सगळ्यात आधी त्याचं श्रेय त्याला देऊ, कारण वाचायच्या आधीच शिव्या घालणं ही टीका नव्हे. प्रकरण २४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की डिजिटल दरी मिटल्याशिवाय ऑनलाइन शिक्षणाचा फायदा होणार नाही. ऑनलाइन शिक्षणाचे फायदे-तोटे तपासायला पथदर्शी अभ्यास करावेत, मुलांना उपकरणांचं व्यसन लागतं का तेही बघावं, असंही त्यात आहे. जिथे इंटरनेट नाही तिथे टीव्ही आणि रेडिओ वापरावेत हेही आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांना अडचणी माहीत नव्हत्या, असं म्हणता येणार नाही.

मग खटकतं काय? या दोन प्रकरणांत शिक्षक कुठे येतो ते शोधा. तो येतो प्रशिक्षण घेणारा म्हणून आणि ई-साहित्य तयार करणारा म्हणून. पण ज्याच्याकडे आठवड्याचे ठरावीक तास आहेत आणि त्यातच अभ्यासक्रम संपवायचाय, असा शिक्षक तिथे भेटत नाही. गंमत म्हणजे याच धोरणाच्या प्रकरण ५ मध्ये शिक्षकाच्या वेळेची काळजी आहे. अशैक्षणिक कामात शिक्षकांचा खूप वेळ जातो, तो वाचवावा, असं तिथे लिहिलंय. पण प्रकरण २३ मध्ये प्रवेश, हजेरी, मूल्यमापन यांच्या व्यवस्थापनासाठी तंत्रज्ञान वापरायचं म्हटलंय. ती माहिती भरणार कोण आणि कुठल्या वेळात, हे दोन्हीकडे नाही. एका प्रकरणात वेळ वाचवायचा, दुसऱ्यात नवं काम द्यायचं, आणि दोघांची गाठच पडत नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही कार्यक्रम पोचवले. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी अ‍ॅट स्कूल' योजना आली, २०१२ मध्ये शालेय आयसीटी धोरण, २०१७ मध्ये 'दीक्षा'. अमेरिकेत लॅरी क्यूबन यांनी १९८६ च्या 'टीचर्स अँड मशीन्स' या पुस्तकात चित्रपट, रेडिओ, टीव्ही यांचा इतिहास मांडलाय. प्रत्येक वेळी मोठी आश्वासनं, मग वर्गात थोडाच वापर, आणि शेवटी दोष शिक्षकांना. क्यूबन यांचं म्हणणं असं की शिक्षक हट्टी नसतात. वर्गाची रचना आणि वेळ यांत जे बसतं तेच ते उचलतात. खडू-फळा टिकला तो त्यामुळेच.

"म्हणजे तंत्रज्ञानाचा उपयोगच नाही का?" असं कोणी विचारेल. तसं अजिबात नाही, आणि इथे पुरावा नीट वाचायला हवा. दोन अभ्यास शेजारी ठेवा. ली लिंडन यांनी गुजरातमध्ये ज्ञानशाळा या संस्थेच्या शाळांत संगणकावरचा गणिताचा कार्यक्रम तपासला. नेहमीचा तास काढून तो घेतला तेव्हा मुलं आधीपेक्षा कमी शिकली. शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून घेतला तेव्हा फायदा झाला. कार्यक्रम तोच, बदलली ती फक्त वेळ. दुसरा अभ्यास मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत मुलं ४५ मिनिटं 'माइंडस्पार्क' सॉफ्टवेअरवर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात साहाय्यक शिक्षकाबरोबर बसायची. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाएवढी वाढ दिसली. ही वाढ चांगली मोठी आहे. पण नव्वद मिनिटांचा वेगळा वेळ आणि समोर एक माणूस, हे विसरून फक्त सॉफ्टवेअरचं कौतुक केलं तर निष्कर्ष चुकेल.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड सरांनी डिजिटल केली, आणि ती राज्यभर गाजली. तिथे सुरुवात शिक्षकाने केली, आपल्या मुलांना काय हवं ते बघून. दुसरीकडे त्याची नक्कल करायची तर बोर्ड विकत घेता येतो, हा निर्णय घेण्याची मोकळीक विकत मिळत नाही.

आता मोजमाप बघू. यू-डायस प्लस २०२३-२४ नुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं. आकडे महत्त्वाचे आहेत, पण ते 'आहे की नाही' एवढंच सांगतात. 'असर' २०२४ चा अहवाल एक पाऊल पुढे जातो. १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. मात्र सावध राहा. 'असर' ग्रामीण भागाचं सर्वेक्षण आहे, कळव्याच्या चाळीतल्या मुलांबद्दल ते काही सांगत नाही. मोह झाला तरी हा आकडा मी माझ्या वर्गाला चिकटवणार नाही.

तसंच माझा कांद्याचा प्रसंग म्हणजे पुरावा नाही. एक शिक्षिका, एक वर्ग, एक दिवस. शिवाय मी नवीन आहे. अनुभवी बाईंनी कदाचित किल्ली आदल्या दिवशीच घेऊन ठेवली असती. पण प्रसंगातून प्रश्न नक्की मिळतो. "स्मार्ट बोर्डमुळे मुलं जास्त शिकतात का?" हा प्रश्न फार ढोबळ आहे. "३५ मिनिटांच्या तासात स्मार्ट बोर्ड वापरला तर प्रत्यक्ष शिकवायला किती मिनिटं उरतात, आणि शिक्षक त्यासाठी नेमकं काय सोडून देतात?" यावर काम करता येतं. घड्याळ, वही आणि वर्गात बसायची परवानगी एवढं लागतं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर एक काम करा. प्रकरण २३ आणि २४ छापून घ्या. प्रत्येक 'केले जाईल' खाली रेघ मारा आणि समासात तीन गोष्टी लिहा: कोण करेल, कुठल्या वेळात करेल, आणि त्यासाठी काय सोडेल. जिथे समास कोरा राहील तिथे तुमचा संशोधन-प्रश्न सापडण्याची शक्यता आहे.

आणि हो, पुढच्या आठवड्यात कांदा आणला. सूक्ष्मदर्शक एकच होता, सगळ्यांचं बघून व्हायला दोन तास लागले. अभ्यासक्रमात मी अजून मागेच आहे.