दोन काळे घोडे आणि एक खुर्ची

रंगमंचावर एक खुर्ची आणि तिच्यावर बसलेला एकच माणूस. इटालियन नट मार्को बालियानी यांनी रेमो रोस्तान्यो यांच्यासह हाइनरिश फॉन क्लाइस्टच्या ‘मिखाएल कोलहास’ (१८१०) या जर्मन कथेचे केलेले नाट्यरूप एवढ्याच सामग्रीवर उभे आहे. उमराव दोन काळे घोडे अडकवून ठेवतो, राबवून त्यांची हाडे वर काढतो. न्यायालय दाद देत नाही, तेव्हा घोड्यांचा हा सचोटीचा व्यापारी विटेनबर्ग पेटवतो. कथेमागील खऱ्या हान्स कोलहाझेला १५४० साली बर्लिनमध्ये देहान्त शासन झाले.

नेपथ्याचे हे दारिद्र्य आम्हांला या प्रयोगाचे बळ वाटते. अन्याय सोसणारा आणि आग लावणारा एकाच कंठातून बोलतात. प्रेक्षकाला सोयीचा पक्ष निवडून स्वस्थ बसता येत नाही. धोकाही तिथेच आहे. निवेदकाच्या श्वासाबरोबर आपण सूडाच्या घोडदौडीत ओढले जातो, आणि ज्यांची घरे जळाली त्यांना एकपात्री रंगमंचावर स्वतःचा चेहरा नसतो.

आमचे मन अडते ते लिस्बेथपाशी. पतीचा अर्ज घेऊन गेलेली ही पत्नी पहारेकऱ्याच्या भाल्याने घायाळ होते आणि मरताना बायबलातील वैऱ्याला क्षमा करण्याच्या वचनावर बोट ठेवते. क्लाइस्टने हा क्षण निःशब्द ठेवला. कथेकऱ्याला तो सांगावाच लागतो. कोलहास तिचे डोळे मिटतो, क्षमा मात्र करीत नाही. पुढे मार्टिन ल्यूथर त्याला ख्रिस्तप्रसाद नाकारतात, ते याच कारणास्तव. अखेर घोडे धष्टपुष्ट होऊन परत मिळतात, उमरावाला दोन वर्षांची कैद होते आणि कोलहास समाधानाने शिरच्छेदास सामोरा जातो.