हर्क्युलिसची पाठ

मूर्तीची छापील प्रतिकृती म्हणजे दस्तऐवजाची खरी नक्कल, असे आपण सहज धरून चालतो. नकलेने मूळ जसेच्या तसे द्यावे, पदरचे काही बोलू नये, ही अपेक्षा. ती कितपत पुरी होते हे पाहण्यास हेन्ड्रिक गोल्टझियस या डच कलावंताचे ‘फार्नेसी हर्क्युलिस’ हे ताम्रपटावर कोरून छापलेले चित्र उत्तम साधन आहे. १५९०-९१ साली रोममध्ये केलेल्या रेखाटनांवरून त्याने ते १५९२ च्या सुमारास कोरले. प्रसिद्ध झाले ते त्याच्या मृत्यूनंतर, १६१७ साली, बरोक कलेच्या उदयकाळी.

मूळ संगमरवरी पुतळा तीन मीटरांहून उंच असून त्यावर अथेन्सच्या ग्लायकॉनची स्वाक्षरी आहे. ग्रीक पुराणांतील हा महावीर गदेवर रेलून उभा आहे. समोरून दिसतो तो केवळ त्याचा थकवा. ज्या फळांसाठी तो श्रमला, ती हेस्पेरिडींच्या बागेतील सुवर्णफळे पाठीमागे धरलेल्या हातात आहेत. गोल्टझियसने नेमकी पाठ निवडली. प्रदक्षिणा घालणाऱ्यासच जे गवसावे, ते त्याने एका कागदावर आणून ठेवले. खाली कोपऱ्यात दोन माणसे मान वर करून वीराकडे पाहत आहेत. त्यांना दिसणारे मुख आपणांस दिसत नाही. आपणांस दिसणारी फळे त्यांना दिसत नाहीत.

येथवर हा साक्षीदार निर्दोष. उलटतपासणीत मात्र तो अडखळतो. १५४६ च्या सुमारास कॅराकॅलाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत पुतळा सापडला, तेव्हा त्यास पाय नव्हते. गुल्येल्मो देल्ला पोर्ता याने ते नवे घडविले. मूळ पाय पुढे मिळाले व अठराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बसविले गेले. गोल्टझियसची रेषा, कधी फुगत तर कधी निमुळती होत, खांद्यापासून टाचेपर्यंत अखंड वाहते. जुना दगड कोठे संपतो व नवा कोठे लागतो, याविषयी ती मौन पाळते.

हे मौन क्षुल्लक नव्हे. रोम न पाहिलेल्या कित्येक युरोपीय कलावंतांना प्राचीन शिल्प भेटले ते अशा छापील चित्रांतूनच. फ्रांस्वा पेरिए याने १६३८ साली काढलेला शंभर चित्रांचा संग्रह तर दीर्घकाळ त्यांच्या हाताशी राहिला. कागदावर जे एकजीव दिसे, ते दगडातही एकजीवच, असे त्यांनी का मानू नये?

म्हणून निवाडा असा : नक्कल म्हणून हे चित्र अपुरे, भाष्य म्हणून थोर. भाष्यकार कोठे उभा होता, हे तो लपवीत नाही. दगडातला सांधा मात्र आपणच शोधावयाचा.