कॅनमधली ऊर्जा आणि ओळखीचा आवाज

जाहिरात वाचताना पहिला प्रश्न विचारावा तो असा: बोलतो कोण? 'बूस्ट इज द सिक्रेट ऑफ माय एनर्जी' हे वाक्य आधी कपिल देवने म्हटले आणि मग सचिन तेंडुलकरने. तुमच्या आईवडिलांना ते आजही पाठ असेल. पण ते ऐकणाऱ्या मुलाला एवढे नक्की कळत होते की सचिन दूर आहे, मोठा आहे, आणि आत्ता जाहिरात चालू आहे. जाहिरात संपली की पुन्हा सामना सुरू होई. दोहोंमध्ये एक उंबरठा होता.

आता तुमच्या फोनवरची एक रील डोळ्यांसमोर आणा. बंगळुरूतली एखादी पीजीची खोली. मुलगा रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर आहे, सकाळी सहाला जिममध्ये आहे, मधे कुठेतरी मेट्रो किंवा सिल्क बोर्डचा ट्रॅफिक. टेबलावर एनर्जी ड्रिंकचा कॅन, नाव बरोबर कॅमेऱ्याकडे वळलेले. तो पेयाची स्तुती करीत नाही, 'प्या' असेही म्हणत नाही. तो फक्त 'माझा दिवस' दाखवतो. स्तुती नसल्यामुळेच ती खरी वाटते. आता संकलनाकडे पाहा. कॅन कुठे येतो? रात्र आणि सकाळ यांच्या सांध्यावर, म्हणजे जिथे झोप असायला हवी होती नेमका तिथे. पेय विकण्याआधी ही रील न झोपणे विकते, आणि तेही कर्तबगारी म्हणून. स्टार्टअप, हॅकेथॉन आणि रात्रपाळीच्या या शहरात त्यासाठी नेपथ्य वेगळे उभारावे लागत नाही.

हे सगळे इन्स्टाग्रामने आणले असे समजू नका. रेड बुलचे मूळ थायलंडच्या क्रेटिंग डेंग या पेयात आहे. ते ट्रकचालक आणि कष्टकरी यांच्यात लोकप्रिय होते. डीट्रिख माटेशित्झ यांनी ते १९८७ मध्ये नव्या रूपात ऑस्ट्रियाच्या बाजारात आणले. थकलेल्या मजुराचे पेय उत्साही तरुणाचे झाले. ही फक्त बाजारपेठेची नव्हे, अर्थाची बदली होती: गरज होती तिची हौस झाली. पुढे कंपनीने कॉलेजांतलेच विद्यार्थी प्रचारासाठी नेमले, आणि भारतात २०१२ पासून रेड बुल कॅम्पस क्रिकेट सुरू केले. वरच्या वर्गातला ओळखीचा मुलगा थंड कॅन हातात देतो, तेव्हा जाहिरात झाली असे कोणाला वाटत नाही. आजचा इन्फ्लुएन्सर त्याचाच वारसदार आहे. फक्त त्याची ओळख एकतर्फी आहे. तुम्ही त्याला ओळखता, तो तुम्हाला ओळखत नाही.

भारतात या पेयाचा प्रसार किमतीने झाला, हेही विसरू नये. शंभर रुपयांच्या वरचा कॅन मोजक्यांचा होता. पेप्सिकोचे स्टिंग वीस रुपयांच्या प्लास्टिक बाटलीत आले आणि तालुक्याच्या गावातल्या पानटपरीपर्यंत पोहोचले. त्याआधीही असा प्रयत्न झाला होता. आज पेपर बोटसाठी ओळखल्या जाणाऱ्या बंगळुरूच्या हेक्टर बेव्हरेजेसने 'झिंगा' नावाचे स्वस्त एनर्जी ड्रिंक पाऊचमध्ये आणले होते. कॅफिन आणि जिनसेंग एकत्र करण्याला शास्त्रीय आधार नाही, असे सांगून २०१५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा काही पेयांची परवानगी काढून घेतली, त्यात तेही सापडले. त्याच कंपनीचे नाव पुढे आमपन्ना आणि जलजिऱ्यामुळे झाले, हा योगायोग मला तरी बोलका वाटतो.

आता विरोधकांकडेही जरा कठोरपणे पाहू. 'त्यात भयंकर कॅफिन असते' हा नेहमीचा आक्षेप आकड्यांपुढे फारसा टिकत नाही. आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत फार तर ७५ मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. बंगळुरूच्या दर्शिनीत उभ्याने प्यायलेली फिल्टर कॉफी काही कमी नाही. पण ती कडू असते, गरम असते, घोट घोट प्यावी लागते, आणि 'बाय टू' सांगून अर्धी मित्राला देता येते. शाळकरी मुलगा तिच्या वाटेला सहसा जात नाही. थंड, गोड, फळाच्या वासाची बाटली मात्र तो दोन मिनिटांत संपवतो. साध्या रेड बुलच्या एका कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम साखर असते; जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम मानते. आणि कॅफिन ऊर्जा देत नाही. मेंदूला थकव्याची खबर देणाऱ्या ॲडेनोसिनची जागा ते अडवते. थकवा तसाच राहतो, फक्त निरोप पोहोचत नाही.

दुसरा घोळ खेळाडूंच्या पेयाचा. गेटोरेड १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉलपटूंसाठी बनले: पाणी, मीठ, साखर. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, त्यात कॅफिन नाही. रीलमध्ये मात्र दोन्ही एकाच जिमच्या बाकावर ठेवलेले असतात. लोगन पॉल आणि केएसआय या यूट्यूबरांच्या 'प्राइम'ने हा घोळ जगभर नेला. २०२२ मध्ये आलेले त्यांचे 'हायड्रेशन' कॅफिनविना; नंतरच्या 'एनर्जी'त मात्र ३५५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम. नाव तेच, रंग तसेच. आपल्या मर्यादेप्रमाणे तेवढ्या कॅनमध्ये १०६ मिलिग्रॅमच बसतात.

नियम आहेत. पैसे घेऊन केलेली पोस्ट तसे स्पष्ट सांगून करावी, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये बजावले. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत जाहीर केले की शाळांपासून ५०० मीटरच्या आत उच्च कॅफिनची पेये विकू देणार नाही. टपरीचे अंतर टेपने मोजता येते. दप्तरातल्या फोनचे कसे मोजणार?

उरतो प्रसिद्ध माणसाचा नकार. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली. विराट कोहलीने २०१७ मध्ये पेप्सीशी करार वाढवला नाही. जे स्वतः पीत नाही ते इतरांना प्या म्हणणार नाही, अशी त्याची भूमिका होती. भूमिका स्वच्छ आहे. पण तो ज्या बंगळुरूच्या संघातून खेळत होता आणि खेळतो, त्या संघाचे नाव २००८ मध्ये विजय मल्ल्यांच्या व्हिस्कीवरून पडले. एक माणूस एक बाटली नाकारू शकतो. अंगावरचा शर्ट मात्र दुसऱ्या बाटलीचे नाव मिरवत राहतो, आणि स्टेडियममधला प्रत्येक चाहता ते नाव फुकट ओरडतो.

स्वाध्यायासाठी तुमच्या फोनवरच्या अशा तीन रील निवडा आणि आवाज बंद करून पाहा. कॅन कितव्या सेकंदाला येतो, त्याच्या आधीचे दृश्य कोणते, 'पेड पार्टनरशिप' हे शब्द कुठे आणि केवढे, आणि 'मुलांसाठी, गर्भवती व स्तनदा मातांसाठी शिफारस नाही' ही बाटलीवरची सूचना एकदा तरी कॅमेऱ्याकडे वळते का, याची नोंद करून वर्गात आणा.